कामावरून कमी केलं? आधी ईएसआयचं कार्ड शोधा

अंबडच्या एमआयडीसीत मी सात वर्षं पॅकिंगला होते. एका शनिवारी पाळी सुटताना सुपरवायझर म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. आम्ही अकरा जणी होतो. दर महिन्याला पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, शंभर-सव्वाशे कापले जातात, त्यात दवाखान्याशिवाय आणखीही काही मिळतं हे आमच्यातल्या नऊ जणींना माहीतच नव्हतं.

काम गेल्यावर काही दिवस पैसे देणाऱ्या त्या योजनेचं नाव ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’. जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. आधी रोजच्या सरासरी कमाईच्या पाव रक्कम मिळायची, २०२० पासून निम्मी मिळते; पण आयुष्यात एकूण ९० दिवसांचीच. सरासरी काढताना मागच्या दोन वर्षांची सगळी कमाई ७३०ने भागतात. महिना १५,००० पगार असेल, तर ९० दिवसांचे साधारण २२,२०० रुपये होतात. घरभाडं आणि किराणा यांचा तेवढा तरी आधार होतो. हे पैसे घेत असताना ईएसआयचा दवाखानाही आपल्याला आणि घरच्यांना चालू राहतो.

अटी दोन. काम जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्यात असायला हवं. आणि ईएसआयचं अर्धं वर्ष, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, यातल्या काम जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवस भरलेले हवेत; त्याआधीच्या तीनपैकी एकीतही ७८. विमा क्रमांक टाकून ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर आपले दिवस बघून घ्या.

गैरवर्तनावरून काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना हे मिळत नाही. म्हणून बायांनो, हिशोबाच्या घाईत समोर आलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. कमी केलं असेल तर ‘कमी केलं’ असंच लिहून मागा.

काम सुटून ३० दिवस झाले की अर्ज पोर्टलवर भरायचा. त्याची प्रिंट, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स ईएसआयसीच्या आपल्या शाखा कार्यालयात द्यायची. मालकाच्या हातून पाठवावा लागत नाही. योजनेला मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून जाल तेव्हा ती चालू असल्याची खात्री तिथेच करा.

मी अडकले ती नावावर. ईएसआयला माझं माहेरचं आडनाव, आधारला सासरचं, पासबुकावर नुसतं आद्याक्षर. तीन चकरा त्यातच गेल्या. ज्या अजून कामावर आहेत त्यांनी याच आठवड्यात तिन्हीकडे नाव एक करून घ्या. आता कंपनीचा माणूस सही देतो, नंतर फोनही उचलत नाही.

कारखानाच बंद पडला किंवा कायद्याने कामगारकपात झाली, तर २००५ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी विचारा. तिच्यात दोन वर्षांपर्यंत भत्ता आहे, पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का मारून घ्या आणि ती घरी डब्यात जपून ठेवा.