ई-पुस्तक सुगम्य करताय? या चुका टाळा

मराठी ई-पुस्तक अंध वाचकासाठी बिघडतं ते बहुधा पहिल्याच पायरीवर, मजकूर काढताना. पुढे कितीही टॅग लावा, खालचा मजकूरच मराठी नसेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, वाचणार काय? तरी नवा माणूस सुरुवात करतो ती मुखपृष्ठ आणि फॉन्टच्या सजावटीपासून. म्हणून आधी मजकुराचं बोलू.

जुन्या फॉन्टचा मजकूर तसाच इपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये) घालणं

श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांचे जुने फॉन्ट युनिकोड नव्हते, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेला कोड ते वापरत नव्हते. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो, एवढंच. डोळ्यांना फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र आकार पाहत नाही, खालचे कोड वाचतो.

वऱ्हाडातल्या किल्ल्यांवरच्या, नागपुरातच तयार झालेल्या एका पुस्तकाचं असंच झालं. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइलची पीडीएफ काढली, पीडीएफचं इपब केलं, जुना फॉन्ट आत घातला. टॅबवर पान छापील पुस्तकासारखं दिसत होतं. इपबचेक आणि 'एस' (सुगम्य पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी या संस्थेचं) या तपासणीच्या दोन्ही टूल्सनी मजकुराबद्दल एकही तक्रार दाखवली नाही. दाखवणारही नाहीत, ती टूल्स फाइलची रचना तपासतात, मजकूर मराठी आहे की नाही ते पाहत नाहीत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याने पुस्तक थोरियम या ई-पुस्तक वाचायच्या ॲपमध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून उघडलं, तेव्हा गाविलगडच्या जागी त्याला सुटी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं ऐकू आली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

मग घाईघाईत सगळी फाइल जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली गेली. आता 'वऱ्हाड' सगळीकडे 'वर्हाड' झालं, सातपुड्याच्या दऱ्यांचा 'दर्या' झाला आणि तळटीपांमधली इंग्रजी नावं देवनागरी कचऱ्यात बदलली, कारण कन्व्हर्टरने तीही जुन्या फॉन्टची समजून फिरवली. दुरुस्तीला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागला. कन्व्हर्टर वाईट नसतो. त्याच्या नंतर मुद्रितशोधन लागतच नाही ही समजूत वाईट.

आमची पद्धत सांगतो. कुठलीही फाइल आली की एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि त्याला युनिकोड फॉन्ट लावायचा. देवनागरी दिसली तर पुढे जायचं. नाही दिसली तर मूळ पेजमेकर किंवा इनडिझाइन फाइल मागायची. पीडीएफवरून काम सुरू करायचं नाही, ती युनिकोड फॉन्टची असली तरी. पीडीएफमधून काढलेल्या मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. रूपांतराआधी इंग्रजी मजकूर फॉन्टच्या नावावरून शोधून बाजूला काढायचा. रूपांतरानंतर ठरलेल्या गोष्टी शोधायच्या: शब्दाच्या सुरुवातीला सुटी पडलेली वेलांटी, एकाच अक्षराला दोनदा लागलेला काना किंवा मात्रा, शब्दाच्या शेवटी उरलेला हलन्त, आणि 'र्य' व 'र्ह' असलेला प्रत्येक शब्द. शेवटचा शोध 'सगळे बदला' करून उरकायचा नाही. 'आचार्य' बरोबर असतो आणि 'स्वयंपाकाच्या आचाऱ्याने' हेही बरोबर असतं. तो फरक माणसानेच पाहायचा.

'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: ०९३१ या कोडचा 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. 'ॲ'चंही तेच: ०९७२ हा एकच कोड, किंवा 'अ'वर वेगळी चंद्रखूण. दिसायला सारखे, पण शोधताना एकाने दुसरा सापडेलच असं नाही. पुस्तकभर पहिलाच प्रकार ठेवा.

विसर्गाच्या जागी कोलन

'दु:ख', 'स्वत:', 'अंत:करण'. अर्धी मराठी पुस्तकं अशीच टाइप झालेली आहेत. विरामचिन्हं वाचायची सेटिंग चालू असेल तर मध्येच 'कोलन' ऐकू येतं, नसेल तर शब्द दोन तुकड्यांत तुटतो. विसर्गाचा कोड ०९०३ आहे, कीबोर्डवर तो असतो. तो वापरा.

'नि वे द न'

अक्षरांमध्ये स्पेस मारून शीर्षक पसरवू नका. वाचक ते चार सुटी अक्षरं म्हणून ऐकतो. अंतर सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये द्यायचं.

भाषा 'इंग्रजी' राहू देणं

एक्सपोर्ट करताना भाषा न निवडल्यास ती बऱ्याचदा इंग्रजी राहते. मग आवाज इंग्रजीवर जातो आणि देवनागरी नीट उच्चारली जात नाही. काही आवाज ती गाळूनच टाकतात. ओपीएफ फाइलमध्ये (इपबमधली पुस्तकाची माहिती असलेली फाइल) आणि प्रत्येक प्रकरणाच्या वरच्या टॅगमध्ये 'एम-आर' हा मराठीचा कोड हवा. हिंदी ठेवून भागतं असं म्हणणाऱ्यांनी 'चमचा' आणि 'जहाज' हिंदी आवाजात एकदा ऐकावं. इंग्रजी उताऱ्यांना त्यांची वेगळी भाषा लावा.

ठळक अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे

वर्डमध्ये 'हेडिंग १', 'हेडिंग २' याच स्टाइल वापरा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या स्टाइलला एक्सपोर्ट टॅग द्या. अंध वाचक प्रकरणावरून प्रकरणावर शीर्षकांच्याच आधाराने उडी मारतो. वर्डची फाइल नीट स्टाइल केलेली असेल तर डेझीचं मोफत वर्डटूइपब चांगलं काम करतं. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत छापील पानांचे क्रमांक टाकायलाच हवेत. वर्गात 'पान ७४ काढा' म्हटल्यावर अंध विद्यार्थ्यालाही ते काढता आलं पाहिजे.

ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राच्या लेखी वर्णनात) 'फोटो' लिहून मोकळं होणं

दीक्षाभूमीच्या फोटोखाली 'दीक्षाभूमीचा फोटो' लिहून काहीच कळत नाही. वास्तुरचनेवरचं प्रकरण असेल तर घुमटाचा आकार आणि प्रवेशद्वारं सांगा. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेवरचं असेल तर गर्दी, मंच, कोण कुठे आहे ते सांगा. एक-दोन वाक्यं पुरतात. नक्षीच्या चित्राला रिकामा ऑल्ट द्या, पण तो टॅग गाळू नका. तक्त्याचं चित्र करून टाकणं मात्र अक्षम्य आहे. तक्ता तक्ताच ठेवा, पहिल्या ओळीला शीर्ष-ओळ म्हणून खूण करा.

'कायदा आपल्याला कुठे लागतो?'

लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२ मध्ये छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य रूपात मिळण्याची तरतूद आहे, आणि कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही धरतं. २०१७च्या नियमांतला १५(१) नुसताच शिफारशींसारखा आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात तो रद्द ठरवला आणि बंधनकारक मानकं करायला सांगितलं. युरोपात विक्री करणार असाल तर तिथला सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांनाही लागू झाला आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या आणि २० लाख युरोंपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा-संस्थांना त्यात सूट आहे. सूट आहे म्हणून वाचकाला दार बंद करायचं, हे पटत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था नफ्याशिवाय तुमचं पुस्तक सुगम्य रूपात आणू शकतात. पण ते त्यांनी करावं आणि आपण हात झटकावेत, यासाठी तो अपवाद नाही.

न ऐकता फाइल पाठवणं

'एस'चा अहवाल स्वच्छ आला की लोक मेटाडेटात, म्हणजे फाइलमधल्या पुस्तकाच्या माहितीत, 'पूर्ण सुगम्य' लिहून टाकतात. चित्रांची वर्णनं नसताना ती आहेत असं लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे. आधी थोरियम आणि एनव्हीडीए उघडा. दोन्ही मोफत आहेत आणि एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो. मॉनिटर बंद करा. अनुक्रमणिकेतून तिसऱ्या प्रकरणावर जा, एक तळटीप उघडून परत मजकुरात या, एक तक्ता ओळीने ऐका, एखाद्या पान क्रमांकावर जा, एक पूर्ण पान ऐका. जिथे अडखळाल ती जागा लिहून ठेवा, दुरुस्त करा आणि त्याच जागेपासून पुन्हा ऐका.