घरची शुगर ठीक, मग तीन महिन्यांची जास्त का? या चुका टाळा

घरच्या मशीनवर रोज सकाळी उपाशीपोटी ११० ते १२० दिसतंय आणि लॅबमधून एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा, ८.५ टक्के आला, की घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं मशीन बिघडलंय, कुणी म्हणतं लॅबवाल्यांनी घोळ घातला. निपाणी असो, खानापूर असो की बेळगाव, शुगरचा पेशंट असलेल्या घरांत हा वाद नेहमीचाच. बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे असतात.

मशीन त्या क्षणाची शुगर दाखवतं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, त्याचं माप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यात मागचे दोन-तीन महिने येतात. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा. तपासणीच्या आधी दोन दिवस भात आणि गोड बंद केल्यानं हा आकडा उतरत नाही. या तपासणीसाठी उपाशी राहायचीही गरज नसते. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२.

फक्त सकाळचीच शुगर बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ८.५ टक्के म्हणजे सरासरी १९७ च्या आसपास. सकाळी ११५ असेल, तर दिवसात कधीतरी शुगर बरीच वर जात असणार. आपल्याकडे सकाळी उप्पीट किंवा पोहे, सोबत साखरेचा चहा, दुपारी ताटभर भात. मोजायला हवं ते इथं. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तास धरायचे, हात धुतल्यापासून नव्हे.

स्ट्रिपा महाग पडतात, हे मान्य. म्हणून रोज सकाळी एक वाया घालवण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन दिवस निवडा आणि त्या दिवशी एकाच जेवणाआधी आणि नंतर अशा दोन स्ट्रिपा वापरा. एकदा नाष्टा, एकदा दुपारचं, एकदा रात्रीचं. महिनाभरात कुठलं जेवण शुगर चढवतंय ते वहीत दिसू लागेल. वहीत आकड्याशेजारी वेळ आणि काय खाल्लं ते लिहा, नुसत्या आकड्यांवरून डॉक्टरांनाही फारसं कळत नाही. इन्सुलिन चालू असेल, तर कधी आणि किती वेळा तपासायचं ते डॉक्टर सांगतील तसंच.

मशीन खरंच चुकतं तेव्हा

गूळ फोडला, आंबा चिरला, कुंदा वाटला आणि तसंच बोट टोचलं, तर बोटावरची साखरही मोजली जाते. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका, रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं. हात कोमट पाण्यात धरा, खाली सोडा आणि बोटाच्या कडेला टोचा. तिथं दुखतंही कमी.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात कपड्यांची ओल जात नाही, तिथं स्ट्रिपांचं काय होणार? डबी उघडली की एक स्ट्रिप काढून झाकण लगेच घट्ट लावा. स्ट्रिपा दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका, चुलीशेजारी नको आणि फ्रीजमध्येही नको. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा, कारण उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते.

लागोपाठ दोनदा तपासून १४० आणि १५२ आलं, तर घाबरू नका. १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मशीनच्या मानकातच धरलेला आहे. आणि टोचायची सुई प्रत्येकाची वेगळी हवी. घरात एकच सुई फिरवल्याने कावीळ-बीचा संसर्ग होऊ शकतो.

लॅबचा आकडा चुकतो तेव्हा

लोहाच्या कमतरतेने अंगात रक्त कमी असेल, तर एचबीए१सी खोटा चढू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की तोच आकडा उतरतो आणि वाटतं शुगर सुधारली. नुकतंच रक्त चढवलं असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा सिकल सेलसारखा तांबड्या पेशींचा आजार असेल, तरी हा आकडा भरवशाचा राहत नाही. बायकांच्या बाबतीत मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण त्यांचं हिमोग्लोबिन कितीदा तपासलेलंच नसतं. दोन्ही तपासण्या एकाच वेळी करून घ्या.

गावात रक्त घेऊन ते शहरातल्या लॅबला पाठवत असतील, तर साध्या शुगरसाठी करड्या झाकणाची नळी वापरली का ते विचारा. साध्या नळीत रक्त तासन्‌तास राहिलं तर पेशीच साखर खातात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. एचबीए१सीसाठी जांभळ्या झाकणाची नळी असते, तिला हा त्रास नाही.

सीमाभागातली आणखी एक गोष्ट. एकदा बेळगाव, पुढच्या वेळी मिरज किंवा कोल्हापूर, आणि दोन्हीकडच्या फायली वेगळ्या. आधीचा ७.४ आणि आत्ताचा ७.६ यांवरून काही ठरवू नका, तेवढा फरक लॅब बदलल्यानंही पडतो. शक्यतो एकच लॅब धरा, आणि सरहद्दीपलीकडे दाखवायला जाताना दोन्ही फायली न्या.

सरासरी चांगली म्हणून बेफिकीर राहणं

६.८ टक्के आला की घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. पण दुपारी २५० आणि पहाटे ६० यांची सरासरीही चांगलीच दिसते. गोळी घेऊन काही न खाता उसाच्या फडात गेलेल्या माणसाला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. असं एकदा जरी झालं तरी वहीत लिहून ठेवा आणि गोळीचा डोस बदलायचा की नाही ते डॉक्टरांना विचारा.