पुसट शिक्का वाचायचा तर उजेड आडवा टाका

मर्यादित आवृत्तीच्या सँडब्लास्ट (वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग खडबडीत केलेल्या) तंबाखूच्या पाइपचा क्रमांक बहुतेकदा दांडीखालच्या छोट्या गुळगुळीत पट्टीवर ठोकलेला असतो, आणि हाताळून हाताळून तोच आधी झिजतो. १/५० की ७/५०, समोरून बघून कळत नाही.

१. खोलीतले दिवे मालवा, पाइप गडद कापडावर ठेवा.
२. मोबाइलचा टॉर्च बाजूने, लाकडाला जवळजवळ टेकवून धरा. खाचेत सावली पडते, आकडा उठून दिसतो.
३. पाइप थोडा थोडा फिरवत फोटो काढा. उभी रेघ एका कोनात दिसते, आडवी दुसऱ्या. एका फोटोवर विसंबू नका.

तोच टॉर्च तंबाखू भरायच्या वाटीवरही फिरवा. सँडब्लास्टमध्ये ब्रायरचा (पाइपच्या लाकडाचा) मऊ भाग झडून कठीण भाग उरतो, त्यामुळे कंगोरे लाकडाच्या रेषांबरोबरच धावतात. हत्याराने कोरलेल्या खाचा मात्र रेषांना न जुमानता कुठेही वळतात. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून असाच फोटो मागवावा. खरं तर हाच मोठा फायदा.

अक्षरं उठवायला खडू घासतात, ते रंग न दिलेल्या नैसर्गिक फिनिशवर टाळा. पांढरी पूड शेजारच्या खाचांत बसली की निघता निघत नाही.