फौजींच्या नोंदी कॅन्सर रजिस्ट्रीशी कशा जुळवायच्या

सैन्यातल्या नोकरीचा आणि कॅन्सरचा संबंध तपासायचाय? मग रुग्णांच्या यादीपासून सुरुवात करू नका. पुण्यात माझ्याकडे प्रबंधाचं आकडेकाम घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. रेकॉर्ड ऑफिसकडून भरती झालेल्या सगळ्यांची यादी मागा: भरती, निवृत्ती, ट्रेड (सैन्यातलं काम), पोस्टिंग. ठणठणीत असलेलेही मोजावे लागतात.

एथिक्स कमिटी, लष्कर आणि रजिस्ट्री (ठरलेल्या हद्दीतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणारी यंत्रणा), तिघांची लेखी परवानगी लागते. वेळ जातो, इलाज नाही. तोवर दोन फायली करा. एकीत नाव, जन्मतारीख, पत्ता. दुसरीत नोकरीचा तपशील. दोन्हींत माणशी एकच बिनअर्थाचा क्रमांक. रजिस्ट्रीकडे फक्त पहिली जाते.

खरा घाम नावांवर गळतो. एकीकडे 'जाधव तुकाराम गणपत', दुसरीकडे 'टी. जी. जाधव', तिसरीकडे 'तुकाराम गणपतराव'. नाव, वडिलांचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यांत पाडा. राव, जी छाटा. मग एक नोंद फौजेची, एक रजिस्ट्रीची अशा जोड्या लावा, आणि आडनावाचा उच्चार किंवा जन्मसाल सारखं असलेल्याच ताडून बघा. प्रत्येक जोडीला गुण देण्याची रीत फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडली: दुर्मीळ गोष्ट जुळली तर गुण जास्त. जाधवला जाधव जुळला, त्यात काय मोठं! आणि १ जून ही जन्मतारीख तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली, घरटी एकाची असते. ती जुळली म्हणून हुरळू नका.

भरपूर गुणांच्या जोड्या घ्या, अगदी कमीच्या सोडा. मधल्या गुणांच्या जोड्या दोन जणांनी एकमेकांचं न बघता डोळ्यांनी तपासायच्या, आणि कोण कुठे पोस्टिंगला होता हे त्या दोघांना कळता कामा नये.

आता न जुळलेले. जवान ऐन उमेदीत निवृत्त होऊन साताऱ्यातल्या खटाव-माणकडे गावी परततो, कॅन्सर येतो साठीत. पुण्याची रजिस्ट्री मात्र ठरलेल्या हद्दीत निदानाआधी किमान वर्षभर राहिलेल्यांनाच धरते. साताऱ्याचा माणूस पुण्यात केमो घेऊन गेला तरी तिच्या आकड्यांत नाही. म्हणून 'जुळला नाही' याचा अर्थ 'झाला नाही' असा लावू नका. ईसीएचएसची (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कागदपत्रं आणि मृत्यूनोंदी मागवा, आणि रजिस्ट्रीवरून कॅन्सरचा दर काढताना प्रत्येक जण हद्दीत राहिला तेवढीच वर्षं धरा. अमेरिकेत एकच यादी अनेक राज्यांच्या रजिस्ट्रींशी जुळवायची सोय आहे. आधी नुसती संख्या कळते, तपशिलाला पुन्हा परवानगी. आपण एकेकीचं दार वाजवायचं.

शेवटी निदानाची तारीख भरतीनंतरची आहे ना, हे बघा. हॉस्पिटलच्या बिलावर नुसतं 'फुप्फुसात गाठ' असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मिळेपर्यंत ती नोंद बाजूला ठेवा. आतड्याचा कॅन्सर तिथे पसरलेला असला, तर तो आतड्याच्याच खात्यात जातो.