ब्लू स्प्रिंगला जाण्याआधी महिना पाहा
सुट्टीत मुलांना घेऊन अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडोला जाणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना एक दिवस ऑरेंज सिटीच्या ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कसाठी राखायचा आहे, त्यांनी पोहायचे आहे की मॅनटी हे पाण्यात राहणारे सस्तन प्राणी पाहायचे आहेत, हे आधी ठरवावे. तेथील झऱ्याचे पाणी बाराही महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस असते. हिवाळ्यात, हा झरा जिला मिळतो ती सेंट जॉन्स नदी त्याहून थंड झाली की हे अवाढव्य, शाकाहारी जलचर शेकड्यांनी झऱ्यात उबेला येतात आणि म्हणूनच साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत तेथे पोहणे व होडी वल्हवणे बंद असते. त्या काळात काठालगतच्या लाकडी पायवाटेवरून, शक्यतो कडाक्याच्या थंडीच्या सकाळी, त्यांना पाहावे. लहान मुलांना हे पोहण्याहूनही अधिक भावते, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र तेच पाणी बाहेरच्या उकाड्यात चांगलेच गार लागते, हे ध्यानात घेऊन मुलांसाठी जादा टॉवेल व कोरडे कपडे न्यावेत. उद्यान भरले की फाटक काही काळ बंद केले जाते, त्यामुळे शनिवार-रविवारी सकाळी आठला, ते उघडतानाच, पोहोचणे श्रेयस्कर.