महापालिकेत कामाचा अनुभव घ्यायचाय? नाशिकच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात पाठीला सॅक लावलेली मुलं-मुली दिसू लागतात. हातात अर्ज, वर ‘मा. आयुक्त’, खाली एकच ओळ: ‘मला आपल्या कार्यालयात इंटर्नशिप मिळावी.’ महिनाभराने यातली बरीचशी मुलं निराश होऊन खासगी कंपनीची वाट धरतात आणि ‘सरकारी ऑफिसात ओळख लागते’ असं ठरवून टाकतात. माझा अनुभव वेगळा आहे. मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. ती चुकीच्या दारात जातात आणि कागद अर्धवट ठेवतात. या दोन्ही गोष्टी घरबसल्या सुधारता येतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

सगळ्या योजना एकच समजणे

सर्वात जास्त घोळ इथे होतो. ‘महापालिकेची इंटर्नशिप’ म्हणून आपण जे बोलतो, त्यात निदान चार वेगवेगळे मार्ग मिसळलेले असतात. प्रत्येकाची पात्रता वेगळी आणि पैशाचा हिशोबही वेगळा.

पहिला मार्ग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा. २०२४ साली राज्य सरकारने ती आणली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, आणि दरमहा विद्यावेतन: बारावी पास असाल तर ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधर किंवा पदव्युत्तर असाल तर १०,००० रुपये. प्रशिक्षण सुरुवातीला ६ महिन्यांचं होतं, पुढे ते ११ महिन्यांपर्यंत वाढवलं गेलं. नोंदणी महास्वयं पोर्टलवर होते. एक अट मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत: ज्यांचं शिक्षण चालू आहे ते या योजनेला पात्र नाहीत. एसवायला शिकणारा मुलगा बारावीच्या गुणपत्रिकेवर नोंदणी करतो, फॉर्म पुढे सरकतो, आणि कागदपत्रं तपासताना अडकतो. शिक्षण लपवून पुढे जाण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हजेरी एका वेळी दोन ठिकाणी लागू शकत नाही, ते उघडं पडतंच.

दुसरा मार्ग विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ क्रेडिट आहेत. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर मुलांचं क्षेत्रकार्य तर पूर्वीपासून आहे. शिकत असाल तर तुमचं दार हे. इथे कॉलेजचं पत्र लागतं आणि पैसे मिळतील असं धरून चालायचं नाही.

तिसरा मार्ग ट्युलिपचा, म्हणजे नगरसंस्थांमधल्या इंटर्नशिपच्या केंद्रीय कार्यक्रमाचा. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेबरोबर ४ जून २०२० ला हा कार्यक्रम सुरू केला. अंतिम निकाल लागून १८ महिने झालेले नसतील अशा पदवीधरांसाठी तो आहे, कालावधी ८ आठवड्यांपासून वर्षापर्यंत. पण जागा काढायची की नाही आणि मानधन किती, हे त्या त्या नगरसंस्थेच्या हातात असतं. पोर्टलवर नाव नोंदवून गप्प बसलात तर काहीच होत नाही, जागा निघाली का ते बघत राहावं लागतं.

चौथा, शिकाऊ उमेदवारी. हा मार्ग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा. आयटीआयचा ट्रेड केलेल्यांनी आधी याचा विचार करावा, कारण त्यांना पुढे जे प्रमाणपत्र मिळतं त्याला कारखान्यातही किंमत आहे. सातपूर-अंबडला नोकरी बघायची असेल तर हे लक्षात घ्या.

आपली स्थानिक संस्था कोणती, हेच न बघणे

नाशिक म्हणजे फक्त महापालिका नाही. देवळाली कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड आहे. सिन्नर, भगूर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरला नगरपरिषदा आहेत. मालेगावची महापालिका वेगळी. आणि १५ तालुक्यांच्या गावांचा कारभार जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या बघतात. दिंडोरीची मुलगी रोज एसटीने नाशिकला येते, सीबीएसवरून शरणपूर रोड गाठते आणि तिथे मोठ्या विभागात कोपऱ्यात बसून असते. तिच्या स्वतःच्या पंचायत समितीत मात्र ग्रामपंचायतींची माहिती भरायला माणूस मिळत नसतो.

माझं मत स्पष्ट आहे: पहिला अनुभव लहान संस्थेत घ्या. लहान नगरपरिषदेत पाणी, कचरा, बांधकाम परवाने, जन्म-मृत्यू नोंद हे सगळं एकाच मजल्यावर चालतं. मुख्याधिकारी रोज दिसतात. मोठ्या महापालिकेत विभागप्रमुखाशी एकदा बोलायला मिळालं तरी खूप.

महापालिकेतच जायचं असेल तर मुख्यालयाचा हट्ट सोडा. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत. लोक तक्रारी घेऊन तिथेच येतात, त्यामुळे प्रत्यक्ष काम तिथे जास्त दिसतं. घराजवळचं असलं तर सिटीलिंक बसचं भाडंही वाचतं.

मोघम अर्ज

‘विषय : इंटर्नशिप मिळणेबाबत’ असा अर्ज आवक विभागात पडला की तो कोणत्या टेबलावर पाठवायचा हे तिथल्या लिपिकालाच कळत नाही. मग तो सामान्य प्रशासनात जातो, तिथून कुठेतरी, आणि फिरत राहतो. त्याऐवजी असं लिहा:

‘विषय : घनकचरा व्यवस्थापन विभागात दि. १ मे ते १५ जून या कालावधीत विनामोबदला प्रत्यक्ष कार्यानुभव मिळणेबाबत. संदर्भ : महाविद्यालयाचे पत्र जा. क्र. … दि. …’

आता या कागदावर विभाग आहे, तारखा आहेत, पैसे मागितलेले नाहीत आणि कॉलेजच्या पत्राचा जावक क्रमांक आहे. साहेबांना फक्त ‘मान्य’ लिहून सही करायची. आत दोन परिच्छेद पुरतात: काय शिकता आणि तिथे नेमकं काय करू इच्छिता. अर्ज मराठीत लिहा. इंग्रजीतला बायोडाटा मागे जोडला तरी चालेल, पण टिपणी मराठीत उठणार आहे, तर मजकूरही मराठीत असलेला बरा.

दोन प्रती न्या. एकावर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर पुढच्या वेळी ‘अर्ज मिळालाच नाही’ याला तुमच्याकडे उत्तर नसतं. आणि आठवडाभराने विचारायला जाल तेव्हा ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका, आवक क्रमांक सांगा. दोन मिनिटांत कळतं कागद कुणाकडे आहे.

नगरसेवकाची किंवा कुठल्या भाऊ-दादाची चिठ्ठी जोडू नका. चिठ्ठीने कदाचित आत प्रवेश मिळेल, पण मग विभागातली माणसं तुम्हाला काम सांगायला कचरतात आणि शिकायचं राहून जातं.

वेळेचंही भान हवं. मार्चमध्ये अर्ज करू नका. ३१ मार्चपर्यंत वसुली आणि बिलं यांपलीकडे कोणाला काही सुचत नसतं. मेच्या अखेरीस नालेसफाई आणि पावसाळापूर्व कामं असतात, तेव्हा बांधकाम आणि आरोग्यवाल्यांना हाताखाली माणूस हवाच असतो. शिवाय या वेळी सिंहस्थाची तयारी आहे: रस्ते, घाट, मलनिस्सारण, वाहतूक. सिव्हिल, पर्यावरण किंवा समाजकार्य शिकणाऱ्याला इतकं काम एका वेळी बघायला पुन्हा बारा वर्षांनीच मिळेल.

‘आधार लिंक आहे’ म्हणून निश्चिंत राहणे

विद्यावेतन अडकण्याचं हे सर्वात मोठं कारण, आणि मुलांना याचं सर्वात कमी ज्ञान असतं. बँकेत खातं उघडताना आधार दिलं म्हणजे फक्त केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी झाली. सरकारचा पैसा थेट लाभ हस्तांतरणातून (डीबीटी) येतो, तो आधार क्रमांकाशी डीबीटीसाठी जोडलेल्या खात्यात. असं खातं एका वेळी एकच असतं आणि शेवटचं जे जोडलं गेलं तेच धरलं जातं.

आता नेहमीचा प्रकार बघा. मुलाने फॉर्मवर राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं दिलं. मध्यंतरी मोबाइलवर एका ॲपमधून शून्य शिलकीचं नवं खातं काढलं आणि ‘सरकारी अनुदान या खात्यात घ्यायचे’ या चौकटीवर न वाचता बोट टेकवलं. पैसे तिकडे जातात. मुलगा कार्यालयात भांडत राहतो, कार्यालयाच्या पोर्टलवर ‘जमा’ दिसत असतं, आणि दोघांचंही खरं असतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. कोणत्या बँकेचं नाव आहे आणि ते सक्रिय आहे का ते दिसतं. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा (खातं आधारशी जोडण्याचा) फॉर्म भरा आणि ‘डीबीटीसाठी’ असं तोंडी पण स्पष्ट सांगा. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणालात तर पुन्हा केवायसीच होईल. काही दिवसांनी परत तपासा. पतसंस्थेतलं खातं यासाठी चालत नाही.

खातं नीट असूनही पैसे आले नाहीत तर हजेरी बघा. विद्यावेतन हजेरीवरून निघतं आणि ती कार्यालयाने पोर्टलवर वेळेत पाठवावी लागते. महिना संपताना आपल्या विभागातल्या ज्या ताई किंवा दादा हे काम बघतात त्यांना आठवण करा. सुट्ट्या फार झाल्या तर त्या महिन्याचं विद्यावेतन बुडू शकतं, तेही रुजू होतानाच विचारून घ्या.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. आधार आणि गुणपत्रिकेवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने जरी वेगळं असेल तर आधी दुरुस्त करा. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा. अधिवास दाखल्याला पंधरवडा धरून चाला. या कुठल्याही योजनेत नोंदणीला पैसे लागत नाहीत. ‘महापालिकेत चिकटवून देतो, पाच हजार दे’ म्हणणारा माणूस फसवतो आहे.

आत गेल्यावर वाट बघत बसणे

पहिल्या आठवड्यात कोणी विचारत नाही, हे जवळजवळ ठरलेलं. तिथल्या माणसांना त्यांची कामं असतात. मुलं खुर्चीवर बसून मोबाइल बघतात, मग झेरॉक्स काढायला पाठवलं जातं, मग तेवढंच काम होऊन बसतं. यातून बाहेर पडायचा मार्ग एकच: स्वतःहून एक छोटं, मोजता येईल असं काम मागा.

कचऱ्याच्या विभागात असाल तर स्वच्छता निरीक्षकांना विचारून सकाळी घंटागाडीबरोबर एका प्रभागात फिरा. प्रत्येक गल्लीत किती घरांनी ओला-सुका वेगळा दिला, कुठे गाडी आल्यावर लोक नसतात, कुठे नुसता भोंगा वाजवून गाडी पुढे जाते, हे वहीत उतरवा. चार-सहा दिवसांत असं दिसेल की एका सोसायटीत सगळा कचरा मिसळलेला येतो, कारण तिथला सफाईवालाच दोन डबे एकात ओततो. घराघरांत पत्रकं वाटून हे सुटणार नाही, त्या एका माणसाशी बोलायला हवं. असं एक पान निरीक्षकांच्या हातात दिलंत तर दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला कोणी झेरॉक्सला पाठवणार नाही.

मलेरिया विभागात असाल तर कर्मचाऱ्यांबरोबर घरोघरी जा. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, न वापरलेला कूलर: डेंग्यूची अळी कुठे सापडते हे एकदा बॅटरी मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. किती भांडी तपासली आणि किती भांड्यांत अळी निघाली, हा हिशोब गल्लीवार मांडा.

आणि एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. घरपट्टीच्या यादीत, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, दवाखान्याच्या कागदांत लोकांची खासगी माहिती असते. त्याचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला टाकायचा नाही, प्रोजेक्ट रिपोर्टला जोडायचा नाही. रिपोर्टमध्ये काही आकडे वापरायचे असतील तर लेखी परवानगी घ्या.

युवा कार्य प्रशिक्षणातून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही, हे त्या योजनेच्या शासन निर्णयातच आहे. घरी आई-वडिलांनाही ते पहिल्याच दिवशी सांगा. सरकारी कार्यालयांत या योजनेच्या प्रशिक्षणार्थींची संख्या मंजूर पदांच्या ५ टक्क्यांपर्यंतच ठेवलेली आहे. स्पर्धा परीक्षा देत असाल तर अभ्यास थांबवू नका.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवसावर टाकणे

साहेबांची बदली कधीही होते. निवडणुकीचं काम लागलं तर महिना-महिना माणूस जागेवर नसतो. म्हणून कामाची रोजनिशी ठेवा: तारीख, तास, काय केलं. दर शुक्रवारी नाही जमलं तरी सोमवारी पर्यवेक्षकांची सही घ्या. क्रेडिटसाठी जे तास दाखवायचे असतात ते या वहीतूनच सिद्ध होतात.

प्रमाणपत्राचा मसुदा तुम्हीच टाईप करून पंधरा दिवस आधी द्या. त्यात विभागाचं नाव, कालावधी आणि प्रत्यक्ष केलेलं काम एका वाक्यात यायला हवं. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर पुढे मुलाखतीत कोणाला काही कळत नाही. ‘प्रभागातील ओला-सुका वर्गीकरणाचे गल्लीवार सर्वेक्षण केले’ असं असेल तर पुढचा प्रश्न त्यावरच येतो आणि तुम्हाला बोलता येतं. सही झाल्यावर शिक्का आणि जावक क्रमांक पडला का ते तिथेच उभं राहून बघा. जावक क्रमांक नसलेलं पत्र कॉलेज परत पाठवतं, आणि तोवर सही करणारे दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात.