‘कृपया इनबॉक्स करा’ लिहिण्याआधी

संस्थेचं फेसबुक पेज सांभाळायचं काम माझ्याकडे आलं ते ‘तू फोनवर असतेसच ना’ एवढ्याच पात्रतेवर. पुढे तेच पूर्णवेळ झालं. आता या कामात नव्याने येणारी मुलं-मुली मला विचारतात, रीच (पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते ते) कसा वाढवायचा, पोस्ट किती वाजता टाकायची. ते शिकायला आठवडा पुरतो. मला वेळ लागला तो सगळ्यांदेखत उत्तर द्यायला शिकताना.

पहिल्याच महिन्यात सदस्यत्व नूतनीकरणाचा ऑनलाइन फॉर्म बिघडला. आमच्या कुठल्याशा शुभेच्छांच्या पोस्टखाली कमेंट आली, ‘फॉर्म सबमिट होत नाहीये, तिसऱ्यांदा भरतोय.’ मी तत्परतेने लिहिलं, ‘कृपया इनबॉक्स करा.’ इनबॉक्समध्ये त्या गृहस्थांशी अर्धा तास बोलले, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा म्हटलं, त्यांचं काम झालं. मी खूश. पण पेजवर यातलं काहीच दिसलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत खाली ‘मलाही’, ‘सेम प्रॉब्लेम’ अशा चौदा कमेंट्स जमल्या आणि प्रत्येकीखाली माझी तीच पोपटपंची. पंधराव्याने वैतागून चार शब्द सुनावले. त्यात शिवी नव्हती, नुसता राग होता. मी कमेंट डिलीट केली. दहा मिनिटांत तिचा स्क्रीनशॉट परत आला, वर एक ओळ: ‘प्रश्न विचारला की पुसून टाकतात.’ मग फॉर्म राहिला बाजूला, आम्ही काय लपवतोय यावरच चर्चा सुरू झाली.

रात्री आमच्या मॅडमचा फोन आला. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “अगं, ते ब्राउझरचं पहिल्याच कमेंटखाली का नाही लिहिलंस?” मी काहीतरी सारवासारव केली. खरं कारण असं, की आपला फॉर्म बिघडलाय हे चारचौघांत कबूल करायची लाज वाटत होती.

तेव्हापासून प्रश्न जिथे आला, तिथेच उत्तर. सदस्य क्रमांक, फोन नंबर, तब्येत, पैशांचा व्यवहार असं काही असेल तरच इनबॉक्स. आणि तिथे काम झालं की मूळ कमेंटखाली ‘अडचण अमुक होती, सुटली’ एवढी ओळ. ही ओळ विचारणाऱ्यासाठी नसते. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक जण सतत लिहितो. आकडा तंतोतंत धरू नका, पण पेज चालवताना त्या गप्प नव्वदांची आठवण ठेवा. भांडखोराशी तुम्ही कसं बोलता यावरून ते तुमची परीक्षा करत असतात.

काहीतरी बिघडलं की त्याबद्दल पोस्ट लिहून पिन करा, म्हणजे ती पेजवर सगळ्यात वर राहते. काय झालंय, काय अजून कळलेलं नाही आणि पुढची खबर किती वाजता, एवढं तिच्यात हवंच. यातलं शेवटचं सगळे विसरतात. ‘लवकरच कळवू’ हे उत्तर नाही, टोलवाटोलवी आहे. सहा वाजता लिहितो म्हटलं असेल तर सहाला लिहायचं, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी: ‘अजून दुरुस्त नाही, पुन्हा नऊला लिहितो.’ प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटलॅब या कंपनीचं उदाहरण मी नवख्यांना नेहमी सांगते. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसमधला सुमारे 300 जीबी डेटा पुसला गेला, आणि बॅकअपच्या पाच व्यवस्था असूनही ऐन वेळी एकही धड चालली नाही. शेवटी सुमारे सहा तास आधीच्या प्रतीवरून काम उभं केलं, मधला डेटा गेला तो गेलाच. पण दुरुस्ती चालू असतानाच्या नोंदी त्यांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं. एवढी अब्रू जाण्यासारखी चूक, तरी मोकळेपणाचं कौतुक झालं. (आमच्या संचालकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपण एवढ्यावर जायला नको.” ठीक आहे. पिन केलेली पोस्ट तरी मिळाली.)

लोकांचं मत मागतानाही जपून. 2016 मध्ये ब्रिटनच्या नॅचरल एन्व्हायर्न्मेंट रिसर्च कौन्सिलने ध्रुवीय संशोधनाच्या नव्या जहाजासाठी ऑनलाइन नावं मागवली. सर्वाधिक मतं पडली ‘बोटी मॅकबोटफेस’ला. जहाजाला नाव मिळालं सर डेव्हिड ॲटनबरो यांचं, आणि बोटी हे नाव त्यावरच्या पाणबुडी यंत्राला देऊन मधला मार्ग काढला. गंमत वाटते, पण असं पोल आपल्या पेजवर घेऊन बघा. अंतिम निर्णय समितीचा असेल तर तसं मत मागतानाच सांगावं. आणि निर्णय आधीच झाला असेल तर विचारूच नये. लोकांना वास येतो.

कमेंट कधी काढायची? शिवीगाळ, कुणाची खासगी माहिती, जाहिरातबाजी. टीका ठेवायची, बोचरी असली तरी. हे नियम पेजवर लिहून ठेवा आणि काढलीत तर ‘नियम दोननुसार काढली’ असं तिथेच सांगा. फेसबुकवर ‘हाइड’ची सोय आहे, त्यात लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना कमेंट दिसत राहते, बाकीच्यांना नाही. मोह होतो. पण त्याला कधीतरी कळतंच आणि तेव्हा ते डिलीटपेक्षा जास्त झोंबतं.

आता मुलाखतीत कुणी सांगत नाही ते. या कामाचा निम्मा वेळ पेजवर जातच नाही, तो ऑफिसातल्या टेबलांमधून फिरण्यात जातो. उत्तर तुमच्याकडे नसतं. ते हिशेब विभागाकडे, तांत्रिक टीमकडे, नाहीतर सहीसाठी अडकलेल्या फायलीत असतं. मी एक साधी शीट ठेवते: प्रश्न काय, कुठे आला, कोणाकडे पाठवला, किती दिवस झाले. दर सोमवारी ती बैठकीत उघडते. सुरुवातीला ‘सोशल मीडियावाली आली’ म्हणून हसायचे. एकदा ‘किती दिवस झाले’ हा रकाना लाल केला, तेव्हापासून हसणं कमी झालं.

आजच्या घडीला शीटमधली सगळ्यात जुनी ओळ एकेचाळीस दिवसांची आहे. एका सदस्याने विचारलंय, वाढीव शुल्क नेमकं कशावर खर्च झालं. त्या कमेंटखाली माझी सहा उत्तरं आहेत, सगळी ‘अजून मिळालेलं नाही, सोमवारी पुन्हा विचारते’ अशी, खाली माझं नाव. हिशेब विभागातले एक गृहस्थ हल्ली मला बघितलं की लिफ्टऐवजी जिन्याने जातात.